घरच्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: बसवण्यापासून रोजच्या वापरापर्यंत

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि घराघरांतले धडधाकट लॅपटॉप बसल्याजागी निवृत्त झाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधी घेतलेल्या बहुतेक मशीनना तिथे दारच बंद आहे. पैसे भरून किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सुरक्षा अपडेट आणखी काही काळ मिळवायची सोय होती, पण तीही वर्षभराचीच.

असा लॅपटॉप भंगारात घालण्याची किंवा तसाच धोक्यात वापरण्याची गरज नाही. ईमेल, बँक, यूट्यूब, सोसायटीच्या नोटिसा, मुलांचे प्रोजेक्ट, फोटो, अधूनमधून प्रिंट एवढ्या कामांसाठी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवायची दुसरी सिस्टीम, उत्तम चालतं आणि वर्षानुवर्षं चालतं. हा लेख ज्यांना कॉम्प्युटरशी खेळायचं नाही, फक्त वापरायचा आहे अशांसाठी आहे. टर्मिनल नावाची ती काळी खिडकी यात एकदाही उघडावी लागणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. लिनक्स घरात बिघडतं ते बहुतेक वेळा कुणीतरी ‘जरा सुधारायला’ गेल्यामुळे. एक साधा, कंटाळवाणा, दीर्घ सपोर्टवाला प्रकार निवडायचा, नीट बसवायचा आणि मग त्याला कमीत कमी हात लावायचा.

कोणी या वाटेला जाऊ नये

टॅलीवर हिशेब करणाऱ्यांनी विंडोजच ठेवावं. कोरल ड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड किंवा डीटीपीचं श्रीलिपी यांवर ज्यांचं पोट आहे त्यांनीही. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन (डीएससी) रोज लावावं लागत असेल तर काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर (जोडलेलं उपकरण चालवणारे छोटे प्रोग्रॅम) मिळतात खरे, पण पोर्टलची सही करणारी युटिलिटी आणि टोकन यांचं जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. ज्या ऑनलाइन परीक्षांना स्वतःचा लॉकडाऊन ब्राउझर लागतो, त्याही सहसा विंडोज किंवा मॅकच मागतात. घरात व्हॅलोरंट खेळणारं पोर असेल तर त्याला आधीच सांगा, ते इथे चालत नाही.

बाकीच्यांनी पुढे वाचा. यूपीआय तर फोनवरच असतं. नेटबँकिंग, आयकर पोर्टल, डिजीलॉकर, रेल्वेचं तिकीट हे सगळं ब्राउझरमध्ये होतं, आणि ब्राउझर तोच फायरफॉक्स किंवा क्रोम.

मिंटच का

लिनक्सचे प्रकार शेकडो आहेत आणि प्रत्येकाचा एक कट्टर भक्त आहे. घरासाठी मी डोळे झाकून लिनक्स मिंट सांगतो. २००६ पासून चालत आलेला हा प्रकल्प उबंटू या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकाराच्या पायावर उभा आहे. सध्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला काही शिकवावं लागत नाही.

मिंट तीन रूपांत मिळतं. चार जीबी किंवा जास्त रॅम असेल तर सिनॅमन घ्या. रॅम कमी किंवा प्रोसेसर फारच थकलेला असेल तर एक्सएफसीई. मधलं माटे हेही चांगलं आहे, पण निवडीत वेळ घालवू नका. मिंटवाले किमान दोन जीबी रॅम सांगतात. त्यात सिस्टीम चालू होते, हे खरं. मात्र आजच्या वेबसाइट दोन जीबीत कुठल्याच सिस्टीमवर सुखाने उघडत नाहीत. आठ जीबी केलीत तर लॅपटॉप आणखी काही वर्षं सहज काढेल.

आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टीम नंतर

घाई करू नका. विंडोज असतानाच त्यावर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस आणि व्हीएलसी घ्या आणि दोन-तीन आठवडे घरातल्यांना तेच वापरू द्या. हे तिन्ही लिनक्सवर जसेच्या तसे आहेत. ‘माझं वर्ड कुठे गेलं’ हा प्रश्न जुन्या ओळखीच्या जागेत सुटलेला बरा. नव्या सिस्टीमवर तोच प्रश्न आला तर सगळं खापर लिनक्सवर फुटतं.

याच दिवसांत ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड खात्याशी सिंक करून घ्या. बाबांना जीमेलचा पासवर्ड आठवतो का, तेही आत्ताच पाहा. बहुतेकदा आठवत नाही, तो वर्षानुवर्षं ब्राउझरनेच लक्षात ठेवलेला असतो.

जुनी डिस्क पुसू नका, काढून ठेवा

बहुतेक मार्गदर्शक विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर शेजारी-शेजारी बसवायला सांगतात. ते जमतं, पण तांत्रिक नसलेल्या घरात मला ते पसंत नाही. चालू करताना रोज एक मेन्यू येतो, विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर तो गायब होऊ शकतो, आणि काही मशीनवर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. त्याचं कारण असं की लिनक्स मशीनच्या आतलं घड्याळ ग्रिनिच वेळेवर ठेवतं आणि विंडोज त्यालाच भारतीय वेळ समजतं.

त्यापेक्षा एक सोपा उपाय आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असते आणि लॅपटॉप रडतखडत चालण्याचं खरं कारण तीच असते. कॉम्प्युटरच्या दुकानातून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या, २४० किंवा २५६ जीबी घरासाठी पुरते. दुकानदाराला सांगा, जुनी डिस्क काढून ही बसव आणि जुनीला एक यूएसबी केसिंग (डिस्क बाहेरून जोडायची डबी) दे. आता विंडोज, सगळे फोटो, सगळ्या फायली जशाच्या तशा कपाटात सुरक्षित आहेत. लिनक्स नाहीच आवडलं तर डिस्क परत बसवली की पहिल्यासारखं. शिवाय एसएसडीमुळे लॅपटॉपला जो वेग येतो त्याचं निम्मं श्रेय लोक उगाच लिनक्सला देतात. देऊ द्या.

डिस्क काढण्याआधी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू आहे का ते नक्की बघा. चालू असेल तर बंद करा आणि उलगडण्याचं काम पूर्ण होईपर्यंत थांबा. नाहीतर केसिंगमध्ये घातलेली डिस्क रिकव्हरी की मागेल, आणि ती ४८ आकडी की कुणी लिहून ठेवलेली नसते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडू शकते, पण ते खातं कुठल्या मोबाइल नंबरवर काढलं होतं हा पुढचा प्रश्न.

स्वस्तातल्या काही लॅपटॉपमध्ये साठवण मदरबोर्डवरच चिकटवलेली असते, ती काढता येत नाही. अशा वेळी बाहेरच्या डिस्कवर सगळ्या फायलींची प्रत घ्या, तीतल्या दोन-चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा आणि मगच पुढे जा.

पेन ड्राइव्ह तयार करणं

आठ जीबीचा पेन ड्राइव्ह लागेल. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे, म्हणून लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (पूर्ण सिस्टीम भरलेली एकच फाइल) उतरवा. ती साधारण तीन जीबीची असते आणि फोनच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपवू शकते. डाउनलोड मध्येच तुटलेलं नाही याची खात्री करा. अर्धवट आयएसओवरून केलेलं इन्स्टॉल शेवटच्या टप्प्यावर येऊन पडतं.

ही फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोजवर रूफस किंवा बलेना एचर यापैकी एखादा छोटा प्रोग्रॅम घ्या, त्यात फाइल निवडा, पेन ड्राइव्ह निवडा आणि लिहायला लावा. पाच-दहा मिनिटांचं काम.

मग पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावून मशीन चालू करताना बूट मेन्यूची कळ टपटप दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर ती सहसा एफ१२ असते, एचपीवर एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. एसरवर एफ१२ चालते, पण आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तो मेन्यू चालू करावा लागू शकतो. यादीतून यूएसबी निवडा.

बसवण्याआधी अर्धा तास नुसतं वापरून बघा

आता पडद्यावर पूर्ण मिंट दिसेल. ते पेन ड्राइव्हवरून चालतंय, डिस्कला अजून हातही लागलेला नाही. ही सोय लोक वाया घालवतात आणि थेट इन्स्टॉलवर क्लिक करतात. तसं करू नका. वायफाय जोडून बघा. यूट्यूब लावून आवाज ऐका. हेडफोन लावा. वेबकॅम, टचपॅडवर दोन बोटांनी खाली-वर, ब्राइटनेसच्या कळा, ब्लूटूथ, सगळं पाहा. झाकण बंद करा, दोन मिनिटांनी उघडा, मशीन जागं होतं का? प्रिंटर जोडून बघा. बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर मात्र अनेक लॅपटॉपवर चालत नाही, त्याची आशा धरू नका.

वायफायच दिसत नसेल तर घाबरू नका, काही जुन्या ब्रॉडकॉम आणि काही स्वस्त रियलटेक चिपना वेगळा ड्रायव्हर लागतो. तो आणायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला तो हवा, असा पेच पडतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. मिंट त्याला तारेचं नेटवर्क समजून लगेच जोडून घेतं. पुढे इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडला की वायफायचा ड्रायव्हर एका क्लिकवर येतो. ही केबलची युक्ती पुढेही कामाला येते.

इन्स्टॉल

डेस्कटॉपवरच्या ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ वर दोनदा क्लिक करा. भाषा विचारली की मी इंग्रजी ठेवायला सांगतो. मेन्यूंचं मराठी भाषांतर आहे, पण अर्धं मराठी आणि अर्धं इंग्रजी असा पडदा दिसतो आणि अडचण आल्यावर इंटरनेटवर शोधायला इंग्रजी शब्दच लागतात. मराठीत लिहिणं-वाचणं याने अडत नाही.

कीबोर्ड इंग्लिश (यूएस) ठेवा, आपल्याकडचे लॅपटॉप त्याच मांडणीचे असतात. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीवर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ उघडणार नाहीत. मग तो एकच महत्त्वाचा प्रश्न येतो: डिस्क पुसून मिंट बसवायचं का? नवी कोरी एसएसडी असेल तर बेधडक हो म्हणा. डिस्क जुनीच असेल तर प्रत घेतल्याची खात्री करा आणि मग हो म्हणा. टाइम झोनमध्ये नकाशावर भारतावर क्लिक केलं की कोलकाता येतं, ते बरोबर आहे.

शेवटी नाव आणि पासवर्ड. पासवर्ड टाइप करायला सोपा पण शेजाऱ्याला ओळखता न येणारा ठेवा आणि वहीत लिहून ठेवा. पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप उघडण्याचा पर्यायही इथे आहे. घरातल्या मशीनवर तो मोहात पाडतो, पण तसं केल्यावर क्रोम उघडलं की ‘कीरिंग’चा (साठवलेल्या पासवर्डांच्या तिजोरीचा) पासवर्ड मागणारी चौकट येते आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतं व्हायरस आला. चालू करतानाच पासवर्ड टाकलेला बरा.

सिक्युअर बूट (चालू होतानाच सिस्टीमची सही तपासणारी बायोसमधली सोय) चालू असेल तर इन्स्टॉलर एक तात्पुरता पासवर्ड मागू शकतो. तसं झालं तर पुढच्या वेळी मशीन चालू होताना एक निळा पडदा येईल. त्यावर ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्या. हा पडदा काही सेकंदच थांबतो, म्हणून त्या वेळी चहा आणायला उठू नका.

पहिल्या दिवशी तीन कामं

मिंट उघडताच स्वागताची खिडकी येते. तिच्यातली तीन कामं याच क्रमाने करा.

पहिलं टाइमशिफ्ट. हे सिस्टीमची प्रत काढून ठेवतं आणि काही बिघडलं तर मशीन त्या दिवसाच्या अवस्थेत परत नेतं. पद्धत आरसिंक, आठवड्याला एक प्रत, दोन किंवा तीन प्रती ठेवायच्या. लगेच एक प्रत हातानेही काढा.

दुसरं, ड्रायव्हर मॅनेजर उघडून बघा. काही सुचवलं असेल तर ‘रेकमेंडेड’ लिहिलेलंच घ्या. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड नसेल तर इथे सहसा काही नसतं.

तिसरं, अपडेट मॅनेजर. पट्टीवर ढालीचं चिन्ह असतं ते. सगळे अपडेट घ्या, मशीन पुन्हा चालू करा. मग त्याच्या प्रेफरन्सेसमध्ये ऑटोमेशन नावाचा टॅब आहे, तिथे अपडेट आपोआप घेण्याची आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढून टाकण्याची अशा दोन्ही खुणा करा. तज्ज्ञ मंडळी यावर नाक मुरडतात, त्यांना प्रत्येक अपडेट वाचून घ्यायचा असतो. आई ते वाचणार नाही. टाइमशिफ्ट पाठीशी असताना आपोआप अपडेट हाच घरासाठी शहाणपणाचा मार्ग आहे. कर्नल काढण्याची खूण यासाठी की ते साचत गेले तर लहान डिस्क भरत जाते.

वयस्कर माणसं वापरणार असतील तर फॉन्ट सिलेक्शनमध्ये टेक्स्ट स्केलिंग १.२ किंवा १.३ करा. सगळीकडची अक्षरं एकदम मोठी होतात. व्हॉट्सअ‍ॅप वेबसाठी ‘वेब अ‍ॅप्स’ नावाचा प्रोग्रॅम आधीच दिलेला आहे. त्यातून व्हॉट्सअ‍ॅपचं स्वतंत्र चिन्ह बनवून खालच्या पट्टीवर लावा.

मराठी

देवनागरी वाचायला काहीच करावं लागत नाही, नोटो फॉन्ट सोबतच येतात. लिहिण्यासाठी दोन वाटा आहेत.

इनस्क्रिप्ट (देवनागरीची सरकारमान्य कीबोर्ड मांडणी) येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये लेआउट्सवर जा, अधिकच्या चिन्हावर क्लिक करा आणि मराठी शोधा. पट्टीवर भाषेचं चिन्ह येईल, त्यावर क्लिक केलं की भाषा बदलते. बदलण्याची कळही त्याच ठिकाणच्या पर्यायांत ठरवता येते, मी ऑल्ट आणि शिफ्ट लावून देतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘सुऱ्या’ किंवा ‘दऱ्या’ मधला तो खास मराठी ऱ्य लिहायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची कळ. साधा र घेतला तर ‘सुर्या’ होतं, आणि सोसायटीच्या नोटिशीत तेच छापून जातं.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी त्याच यादीत ‘कागप’ नावाची फोनेटिक मांडणी आहे. ती नाहीच रुचली तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज घ्या, इनपुट मेथडच्या सेटिंगमध्ये आयबस निवडा, एकदा लॉगआउट करून परत या आणि आयबसच्या यादीत मराठी जोडा. तिथे फोनेटिक, आयट्रान्स, रेमिंग्टन अशा पद्धती मिळतात, जुन्या ब्लॉगकाळातल्या लोकांच्या हातात बसलेली गमभनही आहे. टायपिंगची परीक्षा दिलेल्या माणसाला रेमिंग्टन लावून द्या, तो तुम्हाला दुवा देईल.

लिब्रेऑफिसमध्ये एक गाठ आहे, ती आधीच सोडवा. तिथे रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टूल्स, मग ऑप्शन्स, मग भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ वर खूण करून मराठी निवडा. नंतर रायटरच्या विभागात ‘बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)’ मध्ये हवा तो देवनागरी फॉन्ट आणि आकार ठरवा. हे केलं नाही तर अक्षरांचा आकार बदलायला जाता आणि फक्त इंग्रजी आकडे मोठे होतात, मराठी ढिम्म.

वर्डच्या फायली उघडतात, पण मांडणी थोडी हलू शकते. इंग्रजीत कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो फॉन्ट वापरला जातो, त्यामुळे पानं बऱ्यापैकी जागेवर राहतात. मंगल किंवा कोकिळा मात्र मायक्रोसॉफ्टचे आहेत, ते मिंटसोबत येत नाहीत. पलीकडच्याला फक्त वाचायचं किंवा छापायचं असेल तर पीडीएफच पाठवा.

जुन्या फायलींमध्ये मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसली तर तो लिनक्सचा दोष नव्हे. ती फाइल युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या काळातली, म्हणजे सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव यांतल्या एखाद्या फॉन्टमध्ये लिहिलेली आहे. तो फॉन्ट तुमच्याकडे असेल तर त्याच्या फाइलवर दोनदा क्लिक करून बसवता येतो आणि मजकूर दिसू लागतो. पण नवीन काही त्यात लिहू नका. कन्व्हर्टरने एकदाच युनिकोडमध्ये आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, आणि त्या फॉन्टला रजा द्या.

प्रिंटर

नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर वायफायवर एअरप्रिंट चालणारा घ्या, मिंट त्याला ड्रायव्हरशिवाय ओळखतं. एचपीचे बहुतेक प्रिंटर चालतात, त्यांचं सॉफ्टवेअर मिंटमध्ये आधीच आहे. झेरॉक्सच्या दुकानांपासून वकिलांच्या ऑफिसांपर्यंत दिसणाऱ्या कॅननच्या एलबीपी २९०० ला मात्र कॅप्ट नावाचा वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवणं या लेखाच्या वाचकाचं काम नाही. जाणकार भाचा असेल तर त्याच्यावर सोपवा, नाहीतर पीडीएफ कोपऱ्यावर छापून आणा. स्कॅनिंगसाठी ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ पुरेसा आहे.

रोजच्या वापरात जिथे अडतं

पेन ड्राइव्ह. विंडोजवर तो तसाच उपटायची सवय लागलेली असते. लिनक्स आधी फाइल मेमरीत घेतं आणि पेन ड्राइव्हवर सावकाश लिहीत राहतं. त्यामुळे कॉपीची पट्टी संपलेली दिसते, पण लिहिणं चालूच असतं. फाइल मॅनेजरमध्ये डावीकडे पेन ड्राइव्हच्या नावापुढे बाणासारखं चिन्ह असतं, ते दाबा आणि ‘आता काढू शकता’ असा निरोप येईपर्यंत थांबा. मोठ्या व्हिडिओला मिनिट-दोन मिनिटंही लागतात. हे घरातल्या प्रत्येकाला करून दाखवा, सांगून भागत नाही.

आधारची पीडीएफ नेहमीसारखी उघडते: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मवर्ष. सहीच्या जागी हिरवी खूण दिसत नाही, प्रश्नचिन्ह दिसतं. कागद खोटा आहे असा त्याचा अर्थ नाही.

ओटीटी फायरफॉक्समध्ये पहिल्यांदा लावताना वर एक पट्टी येते, डीआरएम (व्हिडिओची नक्कल रोखणारं कुलूप) चालू करू का. हो म्हणा. फोरके दर्जाची अपेक्षा मात्र लॅपटॉपवर ठेवू नका.

फोनमधले फोटो केबलने घेता येतात. फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायला विसरू नका. वायफायवरून पाठवायचे तर मिंटमध्ये वार्पिनेटर आहे, अँड्रॉइडसाठी त्याच नावाचं अ‍ॅप मिळतं.

अँटिव्हायरसची घरात गरज पडत नाही. पण केवायसी बंद होणार म्हणून आलेला फोन, डिजिटल अरेस्टची धमकी, स्क्रीन शेअर करा म्हणणारा ‘बँकेचा माणूस’ यांना तुमची सिस्टीम कुठली याच्याशी देणंघेणं नसतं. दुसऱ्याच्या हाती पडदा देणारी सॉफ्टवेअर लिनक्सवरही तितकीच चालतात.

नवीन सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं

सॉफ्टवेअर मॅनेजरमधून, बस. तिथे एकाच प्रोग्रॅमची दोन रूपं दिसली, एक सिस्टीम पॅकेज आणि एक फ्लॅटपॅक, तर आधी सिस्टीम पॅकेज घ्या. ते जुनं वाटत असेल किंवा नसेलच तर फ्लॅटपॅक. क्रोम किंवा झूमसारख्या मोजक्या गोष्टी त्यांच्या अधिकृत साइटवरून ‘डेब’ फाइल उतरवून घेता येतात.

यूट्यूबवरचा एखादा दादा सांगतो, ही ओळ टर्मिनलमध्ये पेस्ट करा, लॅपटॉप सुसाट पळेल. तिकडे अजिबात जाऊ नका. थीम, वेगळे कर्नल, ‘पीपीए’ नावाचे परके साठे यांनी आज काही होत नाही. होतं ते आठ महिन्यांनी, एखाद्या अपडेटच्या वेळी, आणि तेव्हा काय केलं होतं हे कुणालाच आठवत नसतं.

बॅकअप वेगळा

टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागद सांभाळत नाही. मुद्दामच नाही, कारण सिस्टीम मागे नेताना कालचं लिहिलेलं पत्रही मागे जायला नको. शिवाय त्याची प्रत त्याच डिस्कवर असते, डिस्क गेली की दोन्ही गेलं. म्हणून महिन्यातून एकदा बाहेरची डिस्क लावा आणि मिंटच्या बॅकअप टूलमधून होम फोल्डरची (तुमच्या सगळ्या फायली असतात तो) प्रत घ्या. वीजबिल भरायच्या तारखेला जोडून टाका, म्हणजे विसरत नाही. पॅनकार्ड, खरेदीखत, विम्याचे कागद यांची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलाकडे असू द्या.

बिघडलंच तर

अपडेटनंतर मशीन नीट चालू होत नसेल तर ते बंद करून पुन्हा चालू करताना एस्केप (जुन्या मशीनवर शिफ्ट) दाबा. एक साधा मेन्यू येईल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये आधीचा कर्नल निवडा. बहुतेक वेळा एवढ्याने सुरू होतं. मग टाइमशिफ्ट उघडा, मागच्या आठवड्याची प्रत निवडा, रिस्टोअर.

तेही झालं नाही तर तो पहिला पेन ड्राइव्ह काढा. तो पुसला नसेल अशी आशा आहे, खरं तर त्यावर ‘मिंट’ असं लिहून खणात ठेवायला हवा. त्यावरून मशीन चालू केलं की त्यातही टाइमशिफ्ट असतं आणि ते डिस्कवरच्या प्रती ओळखतं. तिथूनच रिस्टोअर करा.

पुढची आवृत्ती

२२.१, २२.२ अशा मधल्या आवृत्त्या येत राहतात. अपडेट मॅनेजरच्या एडिट मेन्यूत तशी ओळ दिसली की आधी टाइमशिफ्टची एक प्रत काढून ती घ्यायला हरकत नाही. पहिला आकडा बदलणारी मोठी आवृत्ती मात्र आल्या आल्या घेऊ नका. निदान पहिली मधली आवृत्ती येईपर्यंत थांबा, तोवर इतरांच्या हातून खाचखळगे भरून निघतात. मोठी आवृत्ती घेताना पुन्हा तेच: होम फोल्डरचा बॅकअप, नव्या पेन ड्राइव्हवरून अर्धा तास तपासणी, मग बदल. २२ मालिकेवर असाल तर २०२९ च्या सुरुवातीपर्यंत यातलं काहीच केलं नाही तरी चालतं.